ळची बरणी

आमच्या वर्गातल्या प्रत्येकाचा आवाज नानांच्या कम्प्युटरमध्ये होता. खोकल्यासकट, शिंकेसकट, ‘सॉरी नाना, परत घेऊ का?’सकट. नानांचं स्वतःचं गाणं मात्र आयुष्यात एकदाच रेकॉर्ड झालं, आणि ते मी माझ्या हातानं जवळजवळ पुसून टाकलं होतं. वाईट हेतूनं नाही, चांगल्याच हेतूनं. वाईट हेतूनं केलेल्या गोष्टीची माफी तरी पटकन मागता येते.

मी धुळ्याला संगीत घेऊन बी.ए. करायला गेले ती जळगावला जागा मिळाली नाही म्हणून. घर बोदवडच्या अलीकडे, केळीच्या बागांमध्ये. दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रात्यक्षिक होतं: तीन जुनी गाणी आपल्या आवाजात गायची, रेकॉर्ड करायची आणि स्वतः मिक्स करून आणायची. हल्ली पोरं कव्हर साँग म्हणतात तेच. कॉलेजात दोन पेट्या होत्या, एक तबल्याची जोडी होती, स्टुडिओ कुठला असणार? सरांना विचारलं, तर ते पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, “गिरणीत जा.”

आम्हाला वाटलं, सर चिडले.

पण ते पत्ताच सांगत होते. देवपुरात एका बोळात पिठाची गिरणी होती. ती अक्का चालवायच्या. आणि गिरणीच्या मागच्या खोलीत अक्कांचे यजमान, म्हणजे आमचे नाना, स्टुडिओ चालवायचे. जगात कुणी गिरणीला लागून स्टुडिओ काढला नसेल. नानांना कुणी हे बोलून दाखवलं की ते शांतपणे म्हणायचे, “गिरनी पहिली वनी.” गिरणी आधी आली. म्हणजे चूक झालीच असेल तर ती स्टुडिओची, आणि त्याला आता कोण काय करणार.

आवाज आत येऊ नये म्हणून त्यांनी चारही भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या होत्या आणि गाद्यांवर जुन्या गोधड्या. मे महिन्यात त्या खोलीत पंखा बंद करून गायचं म्हणजे काय, ते धुळ्याचं ऊन खाल्लेल्या माणसालाच कळेल. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. गिरणीचा आवाज गाद्यांतूनही येतो म्हणून गिरणी बंद. अक्का दुपारी एक ते तीन पट्टा उतरवून ठेवायच्या, आणि डबे घेऊन आलेल्या बायकांना ओट्यावर बसवून ठेवायच्या. “दयन तीन वाजता,” एवढंच सांगायच्या. दयन म्हणजे दळण.

हा जो ‘ळ’चा ‘य’ झाला ना, त्याच्याचबद्दल मला सांगायचं आहे.

बोदवडकडच्यांचं आणि धुळ्याकडच्यांचं बाकी शंभर बाबतीत पटत नाही. आमच्याकडचे ‘हाये’ म्हणतात, धुळ्याकडचे ‘शे’ म्हणतात, आणि दोन्हीकडचे एकमेकांच्या बोलण्याला हसतात. पण ‘ळ’ दोघांनाही देवानं दिला नाही. केळीला केयी, डोळ्याला डोया, आभाळाला आभाय. घरात ठीक आहे. पण मी पहिल्यांदा नानांच्या माइकसमोर उभी राहून एक जुनं भावगीत म्हटलं, आणि मला वाटलं, छानच झालं. खोलीत मधे काच होती, तिच्यापलीकडून स्पीकरमधून आवाज आला:

“आपण ‘आभाय’ असे म्हणालात. कृपया ‘आभाळ’ असे म्हणावे. आपण पुन्हा एकदा घेऊ या.”

मी चमकून इकडेतिकडे पाहिलं. मघाशी दारात “चप्पल बाहेर काढ वं माय” म्हणणारा माणूस हाच का? नानांचं ते तसंच होतं. काचेपलीकडे बसून बटण दाबलं की ते छापील पुस्तकासारखं शुद्ध बोलायचे, ‘कृपया’, ‘आपण’, ‘असे’, सगळं. बटण सोडून, दार उघडून अलीकडे आले की अहिराणीत झापायचे. सागर म्हणायचा, काचेपलीकडे पुणं आणि अलीकडे धुळं. सागर म्हणजे माझ्या वर्गातला अमळनेरचा तबलजी. मी गायचे, तो वाजवायचा आणि मिक्सिंगला आम्ही दोघं मिळून भांडायचो.

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा आभाय. चौथ्या वेळी नाना बाहेर आले.

“जीभ कोठे ठेवस तू?”

“तोंडातच,” मी म्हटलं. मला राग आला होता.

“तोंडमा कोठे?” मग त्यांनी स्वतः तोंड उघडून, बोटानं दाखवत, जीभ उलटी टाळूला लावून एक ‘ळ’ काढला. असा खणखणीत ‘ळ’ मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग म्हणाले, “गानं कोनं शे? दुसरानं. दुसरानी चादर वापरी तं घडी घालीसन देवानी.”

कव्हर साँगवर पुढे मी पुष्कळ भाषणं ऐकली, एकदोन स्वतः दिली. पण दुसऱ्याची चादर वापरली तर घडी घालून परत द्यावी, याच्या पलीकडचं कुणी काही सांगितलेलं मला आठवत नाही. त्यानंतर महिनाभर मी एस.टी.त, अंघोळीला, पोळ्या लाटताना ‘बाळ, फळ, वेळ, काळ’ घोकत होते. दिवाळीत घरी गेले, तर आई म्हणाली, “जिभीले काय झायं वं तुया?”

इतकं करूनही कुणाकुणाचा ‘ळ’ ऐन वेळी दगा द्यायचाच. त्यासाठी बरणी होती. कम्प्युटरवर एक फोल्डर होतं आणि त्याचं नाव एकच अक्षर: ळ. नाना त्याला बरणी म्हणायचे, कारण त्यात ते ‘ळ’ मुरवून ठेवायचे. दळणाला आलेल्या माणसाचा ‘ळ’ स्वच्छ आहे असं अक्कांच्या लक्षात आलं की त्या आत हाक मारायच्या, नाना बाहेर यायचे आणि त्या माणसाला डब्यासकट आत न्यायचे. एक बँकेतले साहेब कोल्हापूरकडून बदलून आले होते. बिचारे गव्हाचा डबा घेऊन आले आणि माइकसमोर अर्धा तास ‘डोळा, गोळा, पोळा’ म्हणत उभे राहिले. परत निघाले तेव्हा शर्ट घामानं भिजला होता, पण चेहरा मोठा खूश होता. त्यांच्या दळणाला त्या दिवसापासून रांग नव्हती. कोल्हापूरचा ‘ळ’ जाड, पुण्याचा पातळ, कोकणातला गोल, असं नाना सांगायचे, आणि कुणाच्या आवाजात कोणता खपेल ते त्यांना बरोबर कळायचं. ‘आभाय’मधला ‘य’ कापून तिथं साहेबांचा ‘ळ’ बसवला की ऐकणाऱ्याच्या बापाला पत्ता लागायचा नाही.

बरणी सोडली तर बाकी सगळ्या दुरुस्त्यांवर त्यांचा दात होता. कम्प्युटरनं सूर सरळ करून घेण्याला ते ‘इस्तरी’ म्हणायचे. आवाजाला खोलीचा घुमारा लावायचा असतो, त्याला ते ‘तेल’ म्हणायचे. सागरचा हात घुमाऱ्यावर सैल होता. तर ते म्हणायचे, “वांगं चांगलं शे तं भरीतले तेल कमी लागस.” मी एकदा गाण्यातले माझे श्वास एकेक करून कापून टाकले होते, गाणं स्वच्छ दिसावं म्हणून. नानांनी ते ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. “जित्ता मानूस दम लेस. तू काय मरेल शे का?” सगळे श्वास मला परत बसवावे लागले. तेव्हा कळलं की कापण्यापेक्षा परत बसवणं फार अवघड आहे, आणि तेव्हा शहाणी झाले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

माझा ‘श’ माइकमध्ये फार शिट्टी मारायचा. त्या दिवशी नानांनी मला माझाच हात माझ्या गळ्यावर ठेवायला लावला. “म म्हन.” मी म्हटलं. हाताला थरथर लागली. “आते श म्हन.” श्श्श. गळा गप्प. “कयनं? श ले गया लागत नही. नुसती हवा शे ती.” म्हणून ‘श’ कमी करताना गळ्याला हात लावायचा नाही, नुसती वरची हवा कापायची, असं त्यांना मिक्सिंगचं सांगायचं होतं. मी वहीत लिहून घेतलं: श ला गळा लागत नाही.

गया म्हणजे गळा. आणि धुळ्याकडे ‘गेला’लाही ‘गया’च म्हणतात. त्यावर नानांचा एक ठरलेला विनोद होता. कुणी म्हटलं, नाना, तुम्ही एक गाणं म्हणा ना, की ते हात झटकून म्हणायचे, “मना गया गया.” माझा गळा गेला. आणि स्वतःच हसायचे. दोन वर्षांत आम्ही हा विनोद इतक्या वेळा ऐकला की आम्ही विचारायचंच सोडून दिलं.

गाणं झालं का नाही, हे नाना एका शब्दात सांगायचे. “शे” किंवा “नही शे”. आहे किंवा नाही. काय आहे, काय नाही, ते विचारायची सोय नव्हती. एकदाच मी धीर करून विचारलं. त्या दिवशी माझा प्रत्येक सूर जागच्या जागी होता, ‘ळ’सुद्धा सगळे माझे स्वतःचे होते, आणि तरी ते “नही शे” म्हणाले. मी म्हटलं, “काय नाहीये, नाना?”

“बठ्ठं शे,” ते म्हणाले. “तू नही शे.”

सगळं आहे, तू नाहीस. मी बाहेर ओट्यावर जाऊन डबेवाल्या बायकांमध्ये बसून रडले. एकीनं मला पाणी दिलं आणि विचारलं, नापास झाली का?

शेवटची परीक्षा मात्र नानांच्या हातात नव्हती, अक्कांच्या होती. गाणं मिक्स झालं की नाना स्पीकर उचलून गिरणीत न्यायचे, पिठाच्या पेटीवर ठेवायचे आणि अक्कांना गिरणी सुरू करायला सांगायचे. तो धडाडा सुरू झाल्यावर गाणं लावायचं. अक्का पीठ ढवळत असायच्या, आमच्याकडे बघायच्याही नाहीत. शब्द ऐकू आला की तो मोठ्यानं परत म्हणायच्या, बाजारात भाव सांगावा तसा कोरडा. “डोया!” “वाट!” “सकाय!” जो शब्द त्यांनी परत म्हटला नाही तो मिक्समध्ये बुडाला असं समजायचं आणि परत मागच्या खोलीत जायचं. महागडे स्पीकर पुढे मी पुष्कळ पाहिले. पण अजूनही एखादं गाणं पुरं झालं की मला वाटतं, हे अक्कांना ऐकू येईल का?

आणि एक होतं. नानांचा कम्प्युटरवर भरवसा नव्हता. माइकशेजारी स्टुलावर एक जुना कॅसेटवाला टेपरेकॉर्डर ठेवलेला असायचा. प्रत्येक गाण्याच्या आधी नाना त्याची दोन बटणं एकदम दाबायचे. “मसीन मरनं तं?” असं म्हणायचे, म्हणजे मशीन मेलं तर? कॅसेट एकच होती, तिच्यावरच पुन्हा पुन्हा भरायची. आम्ही त्या टेपरेकॉर्डरची इतकी टिंगल केली की त्याला जीव असता तर तो उठून गेला असता.

तिसऱ्या वर्षी थंडीत नानांचा आवाज बसला. आधी वाटलं, पीठ. पीठ नाकातोंडात जातच होतं. महिना झाला, दोन झाले. काचेपलीकडचे ‘कृपया’ आणि ‘आपण’ घोगरे ऐकू यायला लागले. लेक जळगावला होती, तिनं तिकडे बोलावून तपासण्या केल्या. परत आले त्या दुपारी आम्ही दोघं खोलीत गाण्याची तयारी करत होतो. नाना थेट काचेपलीकडे जाऊन बसले, आणि बटण दाबलं.

“विद्यार्थी मित्रहो. येत्या सोमवारी जळगाव येथे आमचे स्वरयंत्र काढण्यात येणार आहे. तत्पूर्वी एक ध्वनिमुद्रण करावयाचे आहे. कलाकार, आम्ही स्वतः.”

सागर हसला. त्याला वाटलं, गंमत. मग त्यानं काचेतून नानांकडे पाहिलं आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. बटण सोडून नाना बाहेर आले, आणि अलीकडे येऊन हळूच म्हणाले, “आते खरंच गया.”

शुक्रवार ठरला. गुरुवारी मी गिरणीत बसले होते, तेव्हा अक्कांनी मला सांगितलं की नाना तरुणपणी गायचे. गावोगावच्या कार्यक्रमांत गायचे, चांगलं नाव होतं. मग एकदा एका स्पर्धेत बाहेरगावचे परीक्षक आले होते. नानांचं गाणं झालं, टाळ्या झाल्या. परीक्षकांनी माइक हातात घेऊन म्हटलं, आवाज उत्तम, पण हे ‘आभाय’ काय असतं हो? सगळा मांडव हसला. “त्यादिनथून म्हनाना बंद,” अक्का म्हणाल्या, आणि पीठ चाळत राहिल्या. मला त्या परीक्षकाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याला गिरणीत घातला असता. बरणी कशासाठी भरली गेली होती ते मला त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी नाना धुतलेला पांढरा सदरा घालून आले. पंखा बंद केला. स्टुलावरच्या टेपरेकॉर्डरची दोन बटणं सवयीनं दाबली. मी काचेपलीकडे, नानांच्या खुर्चीत. अक्कांनी त्या दिवशी गिरणीचा पट्टा सकाळीच उतरवला होता. मी मधे एकदा दारातून बाहेर पाहिलं, तर दहा-बारा बायका डबे घेऊन ओट्यावर बसल्या होत्या, ऊन सरकेल तशा सरकत होत्या, आणि एकीच्याही तोंडून शब्द नव्हता. अक्कांनी सांगून ठेवलं असणार.

नाना तेच भावगीत गायले. माझं पहिलंवहिलं. आवाज फाटत होता, वरच्या सुराला पोचतच नव्हता. पण त्यांनी ते गाणं म्हटलं नाही, सांगितलं. ते आम्हाला नेहमी बजावायचे, “गानं म्हनानं नही, मायले सांगस तसं सांगानं,” त्याचा अर्थ मला त्या चार मिनिटांत कळला. आणि आम्हाला जीभ उलटी लावून खणखणीत ‘ळ’ काढून दाखवणाऱ्या या माणसाचे, स्वतः गाताना, सगळेच्या सगळे ‘ळ’ गेले. आभाय. डोये. सकाय. मी काचेमागे बसून मोजले. आठ.

एकदाच घेतलं. दुसऱ्यांदा घ्यायला गळ्यात काही उरलंच नव्हतं.

सोमवारी ऑपरेशन झालं. ते यशस्वी झालं, म्हणजे नाना वाचले आणि आवाज गेला. पुढचे काही महिने ते लेकीकडेच राहणार होते. अक्का अधूनमधून येऊन गिरणी उघडायच्या, किल्ली आमच्याकडे दिली होती. मी नानांचं गाणं मिक्स करायला घेतलं.

आता मला जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, ज्या एका अक्षरापायी या माणसानं सगळी उमर तोंड मिटून काढली, ते अक्षर मी त्याला देईन. आयुष्यात एक तरी गाणं त्यांच्या आवाजात असं असेल ज्याला कुठलाही मांडव हसणार नाही. मी बरणी उघडली. चार दिवस खपले. कोल्हापूरचा जाड ‘ळ’ त्यांच्या घोगऱ्या आवाजात छान मिसळायचा, दोन ठिकाणी पुण्याचा लावला. शेवटी गाण्यानंतरचं जे काही बोलणं होतं ते कापलं आणि गाणं बंद केलं. आठच्या आठ ‘ळ’ जागेवर. सागर म्हणाला, “सांधा दिसत नाही.” आणि कम्प्युटर जागा नाही म्हणून ओरडत होता, तर झालेल्या सगळ्या गाण्यांचा कच्चा माल मी पुसून टाकला. नानांचा नियम होता की कच्चं कधी टाकू नये. पण गाणं तर पुरं झालं होतं.

एस.टी.नं आम्ही जळगावला गेलो. नाना लेकीच्या घरी पलंगावर बसले होते, गळ्याला फडकं बांधलेलं, मांडीवर नातीची पाटी. बोलायचं ते पाटीवर लिहायचे. मी स्पीकर लावला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, बक्षीस मिळणार असल्यासारखी.

पहिल्या कडव्याला त्यांनी पाटी उचलली. लिहिलं: कोना ळ शे हाऊ?

मग माझ्या उत्तराची वाट न बघता पुढे लिहीत गेले. बँकवाला. बँकवाला. पुण्यानी बाई. बँकवाला. एकेक ‘ळ’ ते ओळखत होते, माणसासकट. मला आधी हसू आलं. गाणं संपलं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहून माझ्याकडे फिरवली:

बठ्ठं शे. मी नही शे.

मी त्यांना सांगूच शकले नाही की कच्चं गाणं मी पुसलं आहे. “मूळचं आणते, नाना,” एवढंच म्हणाले. परतीच्या एस.टी.त पारोळ्यापर्यंत मी मनाशी हिशेब करत होते. जे गाणं जगात एकच होतं, ज्या गळ्यातून ते आलं तो गळाही आता नव्हता, आणि मी त्यात बँकेतल्या साहेबांची जीभ बसवून आले होते. त्या परीक्षकानं एका मांडवापुरतं हसं केलं होतं. मी तर कायमचं केलं. मला त्याच्याहून जास्त माझा राग आला.

पारोळा सोडल्यावर सागर एकदम म्हणाला, “टेपरेकॉर्डर.”

“त्याच्यावर आत्तापर्यंत दहा गाणी भरली गेली असतील,” मी म्हटलं.

“कुणी भरली? बटणं कोण दाबायचं?”

नाना दाबायचे. नाना जळगावला गेल्यापासून आम्ही कुणी त्या टेपरेकॉर्डरला हातसुद्धा लावला नव्हता. आळस म्हणा, नाहीतर टिंगल म्हणा, ज्या कशानं आम्ही ते डबडं पडू दिलं होतं त्यानंच आम्हाला वाचवलं. धुळ्याला उतरून आम्ही थेट गिरणीत गेलो. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्येच होती, वरून पिठाचा थर. मी मागं फिरवून दोन सूर ऐकले आणि लगेच बंद केलं. माझ्या हातानं आणखी काही व्हायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तो टेपरेकॉर्डरच उचलून मांडीवर घेऊन आम्ही जळगावला गेलो. नाना पलंगावर होते, अक्का खाली भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. मी सगळं कबूल केलं. पुसलं ते, कापलं ते, का केलं तेही. नानांनी पाटी उचललीच नाही. टेपरेकॉर्डरकडे बोट केलं, लाव.

आधी नुसती खरखर. मग नानांचा श्वास. मग गाणं. आभाय. डोये. सकाय. मधे कुठंतरी ओट्यावरच्या एका डब्याचं झाकण वाजलं तेही आलं होतं. नाना डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा हात गळ्याच्या फडक्यावर गेला, आणि तिथंच राहिला.

गाणं संपलं. मी बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी तो अडवला. टेप चालूच होती. त्यात नाना धापा टाकत होते. मग त्यांचा आवाज आला, काचेकडे तोंड करून विचारलेला, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा भेदरलेला:

“शे का वं?”

हे मी विसरले होते. विसरले नव्हते, कापलं होतं. आणि त्याच्या पाठोपाठ काचेपलीकडून स्पीकरमधून माझा आवाज आला, छापील पुस्तकासारखा शुद्ध:

“नाना, आठ ‘ळ’ चुकले आहेत.”

मग खट्. कॅसेट थांबली.

मला वर बघवेना. दोन वर्षं या माणसाच्या तोंडून एक ‘शे’ ऐकण्यासाठी मी जीव टाकला, आणि त्यानं आयुष्यात एकदाच मला तेच विचारलं, तर मी ‘ळ’ मोजून दाखवले.

नानांनी माझ्या डोक्यावर हलकेच टपली मारली. मी वर पाहिलं. त्यांनी पाटी बाजूला सारली, टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, ओठ पुढे केले आणि दातांतून थोडी हवा सोडली.

“श्श...”

एवढंच. पुढच्या मात्रेला गळा लागतो.

अक्कांनी लसणातून मान वर काढली नाही. गिरणीत म्हणायच्या तशाच, कोरड्या आणि मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या,

“शे!”